मुशीच्या तेलाचा रेडिओ

॥ आई एकविरा प्रसन्न ॥

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
ता. १६ सप्टेंबर १९८७

ती. मंजुळाताईंना,

विमलचा नमस्कार. तुमचं पत्र गणपतीच्या गडबडीत आलं, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. रागावू नका. इकडे सगळे बरे आहोत. आबांचा खोकला आहे तसाच आहे आणि आबांची विडीही आहे तशीच आहे, त्यामुळे त्या दोघांचं छान जमतं. सातपाटीला मासळी कशी आहे? भावोजींची लाँच दुरुस्त होऊन पाण्यात गेली का?

तुम्ही पत्रात सरळच विचारलंत ते बरं केलंत. "नाथाला जाऊन पाच वर्षं झाली, पोटी मूलबाळ नाही, तू अजून चाळिशीची नाहीस. तुझं काय ठरलं? तुला दुसरीकडे कुठे जायचं असेल तर आबांना मी सातपाटीला आणते." ताई, एकदाच लिहिते आणि पुन्हा हा विषय नको. मी कुठेही जात नाही. ह्यांच्या आजारात मी एकविरेच्या फोटोसमोर बोलले होते, आबांना एकटं टाकणार नाही. माझी नौपाड्यातल्या दवाखान्यातली नोकरी चालू आहे, डॉक्टर माझ्यावाचून केसपेपरसुद्धा शोधू शकत नाहीत. आबांना मी आणि मला आबा. तुम्ही निश्चिंत असा.

आता गंमत सांगते. गणपतीच्या आधी रंग काढायचा म्हणून माळा रिकामा केला. वरच्या लाकडी पेटाऱ्यात आबांचा रेडिओ होता, तो आठवतो ना? तुम्ही परकरात असताना मोठी घोळ मासळी जाळ्यात आली आणि आबांनी तो विलायती रेडिओ घेतला, अख्खा कोळीवाडा ओसरीवर जमला होता म्हणे. हे गेल्यावर मीच तो गुंडाळून वर ठेवला होता. तर पेटारा वाळवीने खाल्ला, आतल्या गोधड्या खाल्ल्या, बाजूचा पाट खाल्ला, आणि रेडिओला मेलीने तोंडसुद्धा लावलं नाही! पण बाकी अवस्था बघवत नाही. पुढचं जाळीचं कापड उंदरांनी कुरतडलेलं, आकड्यांच्या काचेला तडा, लाकूड काळंकुट्ट चिकट. चार बटणांतलं एक नाही, नेमकं स्टेशन फिरवायचं.

मी म्हटलं, आबा, भंगारवाल्याला देऊ, तुम्हाला हप्त्यावर टीव्ही घेऊ. आबा माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू होडी विकायला काढली. म्हणाले, "टीवी बघाया डोळं लागतात. माझं कान अजून चांगलं हाय." आणि मग खोक्यावर हात फिरवत बसले.

स्टेशनजवळच्या मेकॅनिकने आतलं मशीन चालू करून दिलं, शाबास त्याची. पण खोक्याला हात लावायला तयार नाही. म्हणतो, ह्याचं सामान येणं बंद झालं बाई, कल्याणला जुन्या मालाच्या दुकानांत बघा. आता रविवारी जाऊन येते. आबांचा हट्ट तुम्हाला माहीत आहे, आणि माझाही आता माहीत झालाच असेल.

मुलांना पापे.

तुमची भावजय,
विमल

---

॥ आई एकविरा प्रसन्न ॥

चेंदणी, ठाणे
ता. ९ नोव्हेंबर १९८७

ती. मंजुळाताईंना,

सा. न. दिवाळीचा फराळ आणि सुके बोंबील एकाच पिशवीत पाठवायची अक्कल फक्त आपल्याच माणसांना! करंज्यांना बोंबलांचा वास लागला, पण आबांनी दुप्पट खाल्ल्या. तुमच्या हाताला चव आहे हे खरंच.

रेडिओचं विचारलंत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं झालंय. पहिलं विघ्न पॉलिशचं. मी आणि शेजारचा गुणाजी (तुमच्या चुलत्यांचा) खोकं गोधडीत बांधून डोंबिवलीला एका पॉलिशवाल्याकडे घेऊन गेलेलो. त्याने घासून पहिला हात मारला, चकाचक दिसलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ताबडतोब या. गेले तर सगळं पॉलिश पापडासारखं सुटून आलेलं! तो पॉलिशवाला लाकडाचा वास घेऊन मला विचारतो, "बाई, खरं सांगा, ह्यात कोणी मासे तळले होते काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन आबांना विचारलं. आबा जाळं विणत होते, मान वरसुद्धा केली नाही. "अगं, होडीला मुशीचं तेल लावायचो ना दर साली, हाताला उरायचं ते रेडिओला पुसायचो. होडीचं लाकूड खाऱ्या पाण्याला दाद देत नाय, तर ह्याला खारा वारा काय करणार?" ताई, म्हणजे पंचवीस-तीस वर्षं आपल्या घरात शार्कच्या तेलाने माखलेला रेडिओ वाजत होता! आता कळलं, गाणी लागली की दारात मांजरं का गोळा व्हायची. हे मला सांगायचे, आपल्या वाड्यातल्या मांजरांना गाण्याचा कान आहे! मी हसून हसून खाली बसले. आबाही हसले, पण मग म्हणाले, "हसतेस काय, वाळवीला विचार." पॉलिशवाल्यानेही तेच सांगितलं, की ह्या तेलामुळेच लाकूड वाचलंय. आता तो सोड्याने धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा करणार आहे. जगात कुठल्या माणसाने विलायती रेडिओला होडी समजून जपलं असेल? मला तर आबांच्या त्या चुकीचं कौतुकच वाटलं.

बटणाचं अजून जमलेलं नाही. कल्याणला केशरबाई म्हणून एक जुन्या मालाच्या दुकानदारीण आहेत. बाई काय आहे! उपड्या घंगाळ्यावर बसून राज्य करते. दुकानात पंखे, ग्रामोफोनचे कर्णे, पाळण्याच्या कड्या, आणि प्रत्येक वस्तू कोणाच्या घरून आली, त्या घरात सून कशी आहे, सगळं तोंडपाठ. म्हणाल्या, "असलं बटण येईल हो, पण मागवून येत नाही, आपल्या पायांनी येतं. रविवारी चक्कर टाकत राहा." त्यांनीच कापडासाठी पलीकडच्या गाद्या-पडद्यांच्या दुकानात पाठवलं. "महिपतकडे जा. बोलतो फार, पण मनाने चांगला आहे. बायको वारली, मुलगी लग्न होऊन गेली, आता गिऱ्हाइकांशी बोलून घेतो."

तर हे महिपतराव. आपल्यातलेच, कल्याणच्या खाडीकडचे, पण त्यांच्या वडिलांनीच होडी सोडून गाद्यांचं दुकान टाकलेलं. मिशा ह्या एवढ्या. मला म्हणाले, "बाई, कापडातलं महिपतला कळत नाही असं कल्याणात काही नाही." आणि स्वतः ठाण्याला येऊन माप घेतलं, पुढच्या रविवारी सोनेरी वेलबुट्टीचं कापड आणून सरसाने ताणून बसवलं. दिसायला असं सुंदर की रखमाबाई शेजारून उठून बघायला आल्या. रेडिओ लावला, आणि आवाज कसा, तर गोधडीत तोंड घालून कोणी बोलावं तसा! ते कापड पडद्याचं, जाड. आवाज बाहेर येणार कुठून?

दुसरा कोणी असता तर मशीनला नावं ठेवली असती. हे महिपतराव सगळ्या शेजाऱ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "चुकलो. कल्याणात मला कळत नाही असं एक कापड निघालं." आणि लगेच खाली बसून स्वतःच्या हाताने उचकटायला लागले. ताई, पुरुषमाणूस आपली चूक न विचारता, हसत हसत सांगतो, हे मी तरी पहिल्यांदा बघितलं. ह्यांचं सगळं चांगलं होतं, पण चुकलो म्हणायला जीभ रेटायची नाही, हे तुम्ही बहीण म्हणून माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आता विरळ विणीचं कापड ते शोधतायत. बघू.

तुमची भावजय,
विमल

---

॥ आई एकविरा प्रसन्न ॥

चेंदणी, ठाणे
ता. २० जानेवारी १९८८

ती. मंजुळाताईंना,

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळींचं कार्ड, त्यातल्या दोन ओळींत "हे महिपतराव कोण?" कोण म्हणजे काय? कापडवाले. मी लिहिलं होतं की! तुम्ही कार्डावर असं उघडं लिहिता, पोस्टमन वाचतो, त्याची बायको वाचते, मग अख्ख्या वाड्यात दवंडी. माझा संताप झाला, म्हणून आठ दिवस उत्तर लिहिलं नाही.

तिळगूळ घ्या, गोड बोला. मीही बोलते.

काम बरंचसं झालंय. कापड लागलं, अगदी पहिल्यासारखं, तपकिरी, बारीक जाळीचं. महिपतरावांनी ते कुठून आणलं माहीत आहे? एका जुन्या नाटकमंडळीच्या सामानातून. म्हणे कपड्यांच्या पेट्यांवर घालायचे. चार ठिकाणी हेलपाटे घातले आणि मला सांगताना असे, की जणू समुद्रातून मोती काढला. बढाई मारतात खूप, पण त्या बढाईत दुसऱ्याला खाली दाखवणं नसतं, हे मी बघितलंय. केशरबाईंची थट्टा करतात, स्वतःची त्याहून जास्त करतात. आणि विचारतात. "दवाखान्यात आज काय झालं?" असं विचारून थांबतात, ऐकण्यासाठी थांबतात. मला पहिल्यांदा कळलंच नाही की आता मी बोलायचंय.

काचसुद्धा मिळाली. केशरबाईंकडे एका मेलेल्या रेडिओची होती, पण रुंद. कल्याणच्या काचवाल्याने कापून दिली, त्यात उजव्या बाजूची दोन-तीन स्टेशनं गेली, कोलंबो त्यातच. मी घाबरत आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "गेला तर गेला. आपल्याला कोलंबोला कोणाला भेटायचंय?" पॉलिशही धरलं. लाकूड असं निघालंय ताई, मधासारखं. हात फिरवतच राहावंसं वाटतं.

राहिलं फक्त बटण. ते काही मिळत नाही. म्हणजे मिळतात, पण आबांना पसंत पडत नाहीत. एक आणलं तर "पिवळं दिसतं". दुसरं आणलं तर "जरा मोठं हाय". तिसरं मला तर हुबेहूब वाटलं, आबांनी नाकाजवळ धरलं आणि म्हणाले, "नाय बाय, हे आपलं नाय. जा पुढल्या रविवारी." त्या रविवारी मला खरं तर दमल्यासारखं झालं होतं. पण आबांनीच सकाळी उठून माझी पिशवी दारात काढून ठेवली.

मागच्या रविवारी महिपतराव काच बसवायला आलेले, तेव्हा आबांनी त्यांना जेवायला ठेवून घेतलं. मी म्हटलं, आबा, नका हो, बाहेरचा माणूस. पण आबांनी स्वतः चिंबोऱ्या आणल्या. तुम्हाला ठाऊक आहेच, आबांचं म्हणणं, माणूस ओळखायचा तर त्याला चिंबोरी वाढा. उतावळा नांगी फोडून अर्धं मांस टाकून देतो, आढ्यतेखोर हात खराब होतील म्हणून रस्साच ओरपतो. महिपतराव पाटावर बसले, बाह्या वर केल्या, आणि एकेक पाय सावकाश, शेवटच्या सांध्यापर्यंत. ताटात फक्त कवचं. आणि सगळ्यांत भरलेली नांगी त्यांनी फोडून आबांच्या ताटात ठेवली, कारण आबांना आता दात नाहीत, फोडून दिलेलं लागतं. मी वाढत होते. मला आत जावं लागलं, डोळ्यांत धूर गेला होता.

रखमाबाईंच्या तोंडाला तर कुलूपच नाही. त्या काय म्हणाल्या ते तुमच्या कानावर दुसरीकडून येईल, म्हणून मीच लिहिते. म्हणाल्या, "विमल, भंगार आणायला जाताना अबोलीचा गजरा लागतो का गं?" मी तो गजरा देवीसाठी घेतला होता. डोक्यात घातला नव्हता, हातात होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला कोणी म्हणू नये म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

तुम्ही शिमग्याला येणार ना? आबा वाट बघतायत.

तुमची भावजय,
विमल

---

॥ आई एकविरा प्रसन्न ॥

चेंदणी, ठाणे
ता. २२ फेब्रुवारी १९८८

मंजुळाताई,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. सगळं सरळ लिहिते, तुम्ही बसून वाचा.

मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात मी कल्याणला गेलेले. केशरबाईंकडे आणखी एक बटण आलं होतं, ते महिपतरावांनी आपल्या दुकानात आणून ठेवलेलं. मी ते हातात घेतलं. ते म्हणाले, "विमलबाई, हे बटण बरोबर आहे. मी आठवडाभर बघतोय, हे बरोबर आहे. आणि म्हणून मला द्यावंसं वाटत नाही. हे लागलं की तुमचं येणं बंद." मग मापाची पट्टी उगीच गुंडाळत बसले. शेवटी म्हणाले, "पाट लावायचा, माझ्याशी पुन्हा संसार मांडायचा विचार करा. आबांसकट या, आबांशिवाय या, जसं जमेल तसं. नाही म्हणालात तरी बटण घेऊन जा."

मी काय केलं? तशीच बटण घेऊन गाडीत बसले. कळव्याच्या पुलावर गाडी थांबली तेव्हा मी रडत होते, ठाणे कधी आलं कळलं नाही. ताई, मला खूप आनंद झाला होता. आणि त्या आनंदाची मला इतकी लाज वाटली की विचारू नका. मला ह्यांची आठवण आली, तुमची आली. मी तुम्हाला काय लिहून बसले होते! कुठेही जात नाही, पुन्हा हा विषय नको. देवीसमोर बोललेला शब्द तो. आबांचं पान कोण वाढणार, खोकला उसळला तर पाठ कोण चोळणार.

घरी येऊन आबांना बटण दाखवलं. आबांनी उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हे नाय." मी भडकले. "आता बस झालं! हेच लावायचं, नाहीतर तीन बटणांवर वाजू दे. मी कल्याणला जाणार नाही, कधीच जाणार नाही!" असा आवाज मी आबांवर कधी चढवला नव्हता. नंतरचे दोन रविवार ते सकाळी पिशवी काढून ठेवायचे, मी ती परत खुंटीला लावायची.

दहा-बारा दिवसांपूर्वी गुणाजी जाळ्याला लावायचं शिसं मागायला आला. आबा ओसरीवर बसलेले, मी म्हटलं, मीच देते. आबा तिथूनच ओरडले, "थांब, मी देतो, तू हात नको लावू." पण डबा माझ्या हातात आलेला. उघडला. शिशाच्या गोळ्यांत आपल्या रेडिओचं बटण! तेच, जुनं, काळपट, कडेला टवका उडालेलं. ह्यांनीच लहानपणी दाताने उडवलेला तो टवका, मला सांगितलेलं त्यांनी.

गुणाजी गेला तसं मी बटण घेऊन आबांसमोर जाऊन उभी राहिले. आबा चोरासारखे बसले होते.

"कधी सापडलं हे?"

"दिवाळीच्या आधी."

"आणि मला दर रविवारी कल्याणला कशाला पिटाळलंत? हे पिवळं, ते मोठं! अहो, माझ्या पायांचे तुकडे पडले!"

आबांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. म्हणाले, "पोरी, तू कल्याणवरून आलीस का भाकऱ्या थापताना गुणगुणायचीस. तुला ठाऊक नाय, मला ऐकू यायचं. नाथा गेला तवापासून ह्या घरात कोण गुणगुणलं नव्हतं. बटण दिलं असतं तर रेडिओ गायला असता, आणि तू पुन्हा गप झाली असतीस."

ताई, मी तिथेच त्यांच्या पायाशी बसले. सहा महिने मला वाटत होतं, मी ह्या म्हाताऱ्याला सांभाळतेय, त्याचा हट्ट पुरवतेय. आणि तो माझा पुरवत होता. अख्खा वाडा ज्याला हेकट म्हणतो, त्याने मुलाच्या मागे सुनेचं हसू परत यावं म्हणून बटण लपवलं! काय माणूस आहे हो तुमचा बाप! मी पुष्कळ माणसं बघितली दवाखान्यात, शिकलेली, मोठ्या नावाची. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस नाही बघितलं.

मी म्हटलं, आबा, मी देवीसमोर बोललेय, तुम्हाला एकटं टाकणार नाही म्हणून. तर चिडले. "कोण टाकतंय? रखमा भिंतीपलीकडे हाय, गुणाजी हाय, भाकरी तिथनं येल. तू रोज ठाण्याला कामाला येणार ना? मग दुपारी येऊन मला ओरडून जा, विडी टाक म्हणून. देवीला मी सांगतो काय सांगायचं ते."

महिपतराव त्यांना कल्याणला न्यायला तयार आहेत, हेही मी सांगितलं. त्यावर आबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "लेकीच्या घरी बाप राहतो काय गं येडे?"

मी भाकरीचं पीठ घ्यायला उठले. मग कळलं ते कोणाला लेक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून आले तर आबा घरात नाहीत. माझा जीव टांगणीला. दिवेलागणीला आले, अंगात आमच्या लग्नात शिवलेला कोट, डोक्याला टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. एकटेच कल्याणला जाऊन आलेले! खोकत खोकत स्टेशनचा जिना चढले, उतरले, महिपतरावांचं दुकान शोधलं. तिथे काय बोलले ते आबांनी सांगितलं नाही, नंतर केशरबाईंकडून कळलं. महिपतराव उठून पाया पडायला गेले, तर आबांनी त्यांना खांद्याला धरून उभं केलं आणि म्हणाले, "माझी धाकटी मुलगी तुमच्याकडे द्यायचीय. मुलगी रागीट हाय, पण मनाची निर्मळ हाय. तुम्ही चिंबोरी नीट खाता, म्हणून आलो." केशरबाई सांगत होत्या, महिपतरावांना बोलताच आलं नाही, आणि ते कल्याणात पहिल्यांदाच घडलं.

घरी आल्यावर आबांनी ते टवका उडालेलं बटण आपल्या हाताने रेडिओला बसवलं. मला वाटलं आता ऐकत बसतील. तर कोरं धोतर काढून त्यात रेडिओ बांधायला लागले. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, "आंदण नको? लेक काय रिकाम्या हाताने पाठवतात?"

ताई, आता खरं कारण लिहिते, पत्र का फाडत होते त्याचं. रेडिओ तुमचा आहे. आबांची खरी लेक तुम्ही, ओसरीवर बसून तो तुम्ही ऐकलात, ह्यांच्याबरोबर त्याच्यासाठी भांडलात. मी तुमच्या भावाच्या नावाने ह्या घरात आले, आणि आता दुसऱ्याच्या नावाने जाताना तुमच्या बापाचा रेडिओ घेऊन जाणार, हे तुम्हाला कसं वाटेल? आबांना मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "मंजुळाला मी तिच्या वेळेला कपाट दिलंय. दोघींना सारखंच." पण मला ते आबांच्या तोंडून नको, तुमच्या तोंडून हवंय. तुम्ही नको म्हणालात तर रेडिओ गुणाजीबरोबर सातपाटीला पोचेल, मनात काही न ठेवता. आणि पाटच नको म्हणालात तर काय करायचं, ते मला ठाऊक नाही. ह्यांना मी विसरलेले नाही, हे मात्र कोणी न विचारता मी तुम्हाला सांगते. त्या टवक्यावरून बोट फिरवल्याशिवाय आता तो रेडिओ लागणारच नाही.

शिमगा झाला की त्या आठवड्यात पाट लावायचा, असं आबा म्हणतात. माझ्या माहेरचं कोणी उरलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या बाजूने उभं राहायला मला एक बाई हवी. तुम्ही याल का?

खाली सही करताना हात थांबला. भावजय लिहू की नुसतं नाव लिहू, आबांना विचारलं. ते विडी पेटवत होते, माझ्यावरच खेकसले, "एवढं शिकलीस, आणि हे मला विचारतेस?"

म्हणून त्यांच्या भरवशावर लिहिते, पटलं नाही तर खोडून टाका.

तुमची धाकटी बहीण,
विमल